ना सोयर ना सुतक : अलिप्ततावाद, तटस्थता आणि अमेरिकेचं 'अलग' राहणं

कृष्णाकाठची

मंडळी, एक अडचण घेऊन आलेय. कराडला स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात सराव पेपर तपासताना एका मुलीचं वाक्य वाचून थांबले : "अमेरिकेने १९४१ साली सोडलेला अलिप्ततावाद भारताने १९६१ साली बेलग्रेडला स्वीकारला." लाल पेनाने फुली मारली. मग तिची वही मागवून पाहिली आणि फुली खोडून टाकली. नेहरूंच्या धड्यात मी तिला 'अलिप्ततावाद' लिहून दिला होता, आणि दोन महायुद्धांमधल्या अमेरिकेच्या धड्यातही तोच शब्द. पोरीने दोन सारखे शब्द जोडले, एवढंच.

म्हणून दोन प्रश्न. अमेरिकेच्या त्या धोरणाला मराठीत काय म्हणावं? आणि त्याचा गाभा नेमका काय होता?

माझं मत आधी सांगते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं १७९६ चं निरोपाचं पत्र, १८२३ चा मन्रो सिद्धांत, पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाला १९२० साली दिलेला नकार, १९३५ ते ३७ चे तटस्थता कायदे, हे सगळे एकाच माळेचे मणी. तिकडे युरोपात कोणी जन्मो कोणी मरो, यांना ना सोयर ना सुतक. त्याची किंमत जगाने १९३९ नंतर मोजली. चुकत असेन तर सांगा, सोमवारी वर्गात पुन्हा शिकवायचंय.

टपालवाला

वाचनखूण साठवली. माझ्या टिपणवहीत 'अलगतावाद' आहे. 'एकलकोंडेपणाचं धोरण' असंही एकदा कुठे वाचलं होतं, पण ते धोरणापेक्षा स्वभावाचं नाव वाटतं.

पानगळ

ताई, प्रश्न फार चांगला आहे. मी तीस वर्षं हाच विषय शिकवला, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमच्या माळेतले मणी एका जातीचे नाहीत. वॉशिंग्टन यांच्या त्या पत्राला पुष्कळजण 'भाषण' म्हणतात, पण ते भाषण म्हणून कधी दिलंच गेलं नाही. १९ सप्टेंबर १७९६ ला ते फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात छापून आलं. त्यात कायमच्या युतींपासून दूर राहा असं म्हटलंय. प्रसंग पडला तर तात्पुरती युती करायला त्यांची हरकत नव्हती. व्यापार वाढवा, राजकीय संबंध शक्य तितके कमी ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. 'गुंतवून टाकणाऱ्या युती नकोत' हे लोकांच्या तोंडी असलेलं वाक्य त्यांचं नाहीच, ते जेफरसन यांचं, ४ मार्च १८०१ च्या शपथविधीच्या भाषणातलं.

हा सल्ला का दिला? १७७८ साली फ्रान्सशी तह केला, त्या जोरावर स्वातंत्र्य मिळवलं. १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटन यांचं युद्ध पेटलं तेव्हा तोच तह गळ्यात आला. १७९० च्या पहिल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आतबाहेर होती. आरमार जवळपास नव्हतंच. अशा देशाने मोठ्यांच्या भांडणात बाजू घेणं म्हणजे स्वतःला भरडून घेणं. वॉशिंग्टन यांना हे स्वच्छ दिसत होतं.

मन्रो सिद्धांत मात्र दूर राहणं नव्हे. 'तुम्ही आमच्या गोलार्धात नवी वसाहत करू नका', ही ताकीद आहे. पुढे १८९८ साली स्पेनशी लढून फिलिपिन्स घेतलं. हैतीत अमेरिकी नौसैनिक १९१५ पासून १९३४ पर्यंत ठाण मांडून होते. म्हणजे ज्या १९२०-३० च्या दशकांना आपण अलगतेचा काळ म्हणतो, त्याच काळात शेजारच्या देशात यांची फौज होती. १९२१-२२ ची आरमारकपातीची परिषद वॉशिंग्टन शहरातच भरली. १९२४ साली जर्मनीच्या युद्धदंडाची घडी बसवली ती डॉज योजना अमेरिकी पुढाकारातूनच आली.

मग नकार नेमका कशाला होता? उद्या कोणाच्या बाजूने लढायचं हे आज लिहून द्यायला. माझ्या मते गाभा एवढाच. १७७८ च्या त्या तहानंतर युरोपशी शांतताकाळातली कायमची लष्करी युती त्यांनी थेट १९४९ साली, नाटोच्या रूपाने केली.

ओसाकाकर

पानगळ सर, तुमच्याच मुद्द्याला जोड. खरं कडीकुलूप पाहायचं तर जपानचं पाहा. १६३० च्या दशकात तिथल्या तोकुगावा राज्यकर्त्यांनी एकामागून एक फर्मानं काढली : जपानी माणसाने परदेशी जायचं नाही, गेलेल्याने परतायचं नाही, दोन्हीला मृत्युदंड. युरोपियांपैकी फक्त डच राहिले, तेही नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या छोट्या कृत्रिम बेटावर. मी ती जागा पाहिलीय. भोवती आता भराव पडून शहर आलंय, पण बेटाचा पंख्यासारखा आकार ओळखू येतो. या टोकापासून त्या टोकाला चालत जायला काही मिनिटं पुरतात.

आणि तरी ते कुलूपही पूर्ण नव्हतं. चिनी व्यापारी नागासाकीला येत होते, कोरियाशी त्सुशिमामार्गे व्यवहार चालू होता. 'साकोकू', म्हणजे साखळबंद देश, हा शब्द त्या फर्मानांत नाहीच. तो १८०१ साली नागासाकीच्या एका दुभाष्याने एका युरोपीय प्रवाशाचा मजकूर जपानीत आणताना घडवला. धोरण आधी आणि नाव दीडशे वर्षांनी. ताईंच्या विद्यार्थिनीला सांगा, शब्दांचा हा घोळ फार जुना आहे.

हे कुलूप १८५३ साली तोफा दाखवून उघडायला लावलं ते अमेरिकेच्याच कमोडोर पेरी यांनी.

गणिती_बंडू

जेफरसनचं भाषण १८०१, साकोकू शब्द १८०१. पाठ करायला सोपं झालं. 🙂

आयोवातली_सई

मी गेली अकरा वर्षं आयोवात आहे. 'ना सोयर ना सुतक' हे वाचून थोडं टोचलं, म्हणून लिहितेय. आमच्या छोट्या गावाच्या चौकात पहिल्या महायुद्धाचा दगडी स्तंभ आहे. गाव केवढं, तर दोन चर्च आणि एक धान्याची कोठी. पण स्तंभावरची नावं वाचायला वेळ लागतो, आणि त्यातली अर्धी आडनावं जर्मन. ही मुलं आपल्या आजोबांच्या मुलखाशी लढायला गेली होती.

त्या युद्धात अमेरिकेची सुमारे १ लाख १६ हजार माणसं गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त लढाईत पडलीच नाहीत, रोगाने गेली, बरीचशी १९१८ च्या फ्लूने. डे मॉइनजवळच्या कॅम्प डॉजमध्ये शेकडो पोरं अटलांटिक ओलांडायच्या आधीच वारली. मग १९१९ साली व्हर्सायला विजेत्यांनी जे वाटप केलं ते पाहून लोकांना वाटलं, आपली मुलं यासाठी गेली? सुतक होतं हो, घरोघरी होतं. अलग राहण्याची इच्छा त्या सुतकातूनच आली.

उलटतपासणी

सईताई, अगदी बरोबर. मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की १९१९ साली नकार देणाऱ्यांचं म्हणणं आपण भारतीयांनी तरी नीट ऐकायला हवं.

राष्ट्रसंघाची सनद व्हर्सायच्या तहातच होती, तिच्यातलं कलम १० वाचा. सभासदांनी एकमेकांच्या भूप्रदेशाची अखंडता परकीय आक्रमणापासून राखायची. सिनेटमधल्या बोराह वगैरे कट्टर विरोधकांचा आक्षेप काय, तर यामुळे ब्रिटिश साम्राज्याच्या सीमांची राखण अमेरिकी पोरांच्या गळ्यात पडेल. आयरिश वंशाचे मतदार याच मुद्द्यावर पेटले होते. त्या सीमांच्या आत आपणही होतो! व्हर्सायचा तह झाला त्याच वर्षी एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडलं. त्या साम्राज्याची हमी घ्यायला कोणी नकार दिला तर मी त्याला हात झटकणारा म्हणणार नाही.

राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीही तडजोड केली नाही. सिनेटर लॉज यांच्या दुरुस्त्यांसह तह मंजूर होऊ शकला असता. विल्सन ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आणि तिथूनच आपल्या पक्षाला सांगत राहिले, दुरुस्त्यांसह नको. १९ मार्च १९२० ला ४९ विरुद्ध ३५ मतं पडली. दोन तृतीयांशाला सात कमी.

कृष्णाकाठची

कलम १० कडे मी या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. मनापासून आभार. पण उलटतपासणी, १९१९ चं मान्य केलं तरी १९३५ चं काय? तेव्हा तर समोर मुसोलिनी होता.

सावंतवाडी_लोकल

अवांतर : बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ होते. म्हणजे अमेरिका युद्धात उतरावी की नाही हा वाद रंगला असताना ते न्यूयॉर्कमध्ये होते. 'त्यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं' ही विल्सनची घोषणा १९१६ च्या निवडणुकीतली, आणि एप्रिल १९१७ मध्ये हेच विल्सन युद्धात उतरले.

टपालवाला

ताईंच्या १९३५ च्या प्रश्नावर.

१९३४ साली सिनेटने नॉर्थ डाकोटाचे सिनेटर जेराल्ड नाय यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पहिल्या युद्धात शस्त्रकारखानदार आणि सावकारी पेढ्यांनी किती कमावलं ते तिने चव्हाट्यावर आणलं. त्यांनीच देशाला युद्धात ढकललं हे काही सिद्ध झालं नाही, पण लोकांच्या मनात ते पक्कं बसलं. मग कायदे आले. १९३५ : लढणाऱ्या कोणत्याही देशाला शस्त्रं विकायची नाहीत. १९३६ : कर्जही द्यायचं नाही. १९३७ : आधी स्पेनच्या यादवीसाठी वेगळा कायदा, मग बाकी माल 'रोख द्या आणि आपल्या जहाजातून न्या' या अटीवर.

गोम 'कोणत्याही' या शब्दात आहे. हल्ला करणारा आणि हल्ला सोसणारा, दोघांना एकच माप. १९३५ साली इटलीने इथिओपियावर हल्ला केला. इटलीकडे स्वतःचे शस्त्रकारखाने होते, इथिओपियाकडे नव्हते. बंदीचा फटका कोणाला बसला? शिवाय तेल बंदीच्या यादीत नव्हतं, आणि इटलीला हवं होतं तेच तेल. स्पेनमध्येही तसंच. बंडखोर सेनापती फ्रँकोला हिटलर-मुसोलिनी पुरवत होते, लोकनियुक्त सरकारचे हात मात्र बांधले गेले.

ताईंनी शीर्षकात वापरलेला वाक्प्रचार मला इथे वेगळा लागतो. सोयर म्हणजे घरात मूल जन्मल्यावरचं, सुतक मरणाचं. अमेरिकेला १९१४ पासून दोस्तांना माल विकण्याचं, कर्ज देण्याचं सोयर चाललं होतं. १९१७ ला सुतक आलं तेव्हा कळलं की दोन्ही एकाच नात्याने येतात. १९३० च्या दशकातले कायदे म्हणजे ते नातं कागदावर तोडायचा प्रयत्न. तोही अर्धवट, कारण तेल आणि लोखंड चालूच राहिलं.

सोलापुरी

लोखंडावरून आठवलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. दोघांनीही युद्ध 'जाहीर' केलं नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तटस्थता कायदा लावला नाही. त्यामुळे चीनला शस्त्रं मिळू शकली हे खरं. पण जपानलाही अमेरिकेतून तेल आणि भंगार लोखंड जात राहिलं. भंगारावर बंदी आली १९४० च्या शरदात, तेल तुटलं १९४१ च्या उन्हाळ्यात. तीन-चार वर्षं.

आणि त्याच चीनमध्ये आमच्या सोलापूरचा एक तरुण डॉक्टर गेला होता. द्वारकानाथ कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून पाच डॉक्टरांचं पथक निघालं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे चौघे परतले. कोटणीस आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. आमच्या आजी त्यांचं घर लांबून दाखवायच्या आणि नाव घेताना आवाज खाली आणायच्या. ज्या देशाला स्वतःचं परराष्ट्र खातं नव्हतं त्याने डॉक्टर पाठवले, आणि जगातला सगळ्यात श्रीमंत देश भंगार विकत होता. मला हे कधीच साधं वाटलेलं नाही.

आयोवातली_सई

सोलापुरी, वाचून गलबलले.

मी आधी लोकांच्या दुःखाबद्दल लिहिलं ते मागे घेत नाही, पण दुसरी बाजूही आमच्याच इथली आहे. ११ सप्टेंबर १९४१ ला लिंडबर्ग डे मॉइनला बोलले. अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणारे तेच. 'अमेरिका फर्स्ट' समितीची सभा होती. ही समिती सप्टेंबर १९४० मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केली, वर्षभरात सभासद आठ लाखांच्या घरात. लिंडबर्गनी युद्धाकडे ढकलणारे म्हणून तीन नावं घेतली : ब्रिटिश, रूझवेल्ट सरकार आणि ज्यू. तेव्हाही देशभर संताप झाला होता. शांततेची मागणी आणि माणसांचा द्वेष एकाच व्यासपीठावर आले, ते कसे आले याचा मी इथे राहून पुष्कळ विचार केलाय.

१९२४ चा स्थलांतर कायदा विसरू नका. १८९० च्या जनगणनेवर बेतलेला कोटा, आणि आशियाई लोकांना दार बंद. त्याआधी १९२३ साली भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं. हा माणूस पहिल्या युद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता! त्यानंतर आधी नागरिक झालेल्या इतर हिंदुस्थानी लोकांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. १९४६ साली कायदा बदलला तेव्हा भारतीयांना कोटा मिळाला वर्षाला १०० चा.

आणि १९३९ ची 'सेंट लुईस' बोट. ९३७ प्रवासी, बहुतेक जर्मनीतून सुटलेले ज्यू. क्यूबाने २८ जणांना उतरवून घेतलं. बोट फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून गेली, दिवे दिसत होते, पण परवानगी मिळाली नाही. युरोपात परतल्यावर त्यांतले २५४ जण पुढे मारले गेले.

उलटतपासणी

सेंट लुईसबद्दल वाद नाही. पण स्थलांतर कायदा म्हणजे परराष्ट्र धोरणातली अलगता, हे मला पटत नाही. ब्रिटन तर जगभर गुंतलेला देश होता, त्यानेही पॅलेस्टाइनला जाणाऱ्या ज्यूंवर १९३९ साली मर्यादा घातलीच की. वंशद्वेष आणि अलगता वेगळ्या ठेवल्या नाहीत तर ताईंच्या विद्यार्थिनीसारखीच आपलीही गल्लत होईल.

आयोवातली_सई

वेगळ्या मांडा, पण मतदार तेच होते आणि सिनेटही तीच. मला त्या पूर्ण सुट्या करता येत नाहीत.

रत्नांग्रीकर

अमेरिकेचं पुष्कळ झालं. खरी अलगता शेजारच्या ब्रह्मदेशाची. आमच्याकडे ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा असल्याने लहानपणापासून त्या देशाचं नाव कानावर आहे.

आशिया-आफ्रिकेतल्या देशांची बांडुंग परिषद १९५५ सालची. ती बोलावणाऱ्या पाच देशांत भारताबरोबर ब्रह्मदेश होता. पुढे २ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. दुकानं, बँका, व्यापार सरकारजमा झाले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले लाखो भारतीय हातातलं सोडून निघाले. परदेशी पाहुण्याला एके काळी २४ तासांचा व्हिसा मिळायचा. १९७९ साली तर तो देश अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीतूनच बाहेर पडला, कारण त्यांना ती चळवळ पुरेशी अलिप्त वाटेना! ताई, तुमच्या मुलीला हे एकच उदाहरण द्या. अलिप्ततावाद आणि अलगतावाद एक असते तर एकासाठी दुसरा सोडावा लागला नसता.

गणिती_बंडू

तिथेच ४५ आणि ९० च्या नोटा निघाल्या होत्या ना? दोन्ही नवाच्या पाढ्यातल्या.

रत्नांग्रीकर

हो, १९८७. पण आधी २५, ३५ आणि ७५ च्या नोटा रातोरात रद्द केल्या, बदलून न देता. विद्यार्थ्यांची फीसाठी साठवलेली पुंजी गेली. १९८८ च्या उठावाची एक ठिणगी तिथलीच.

गणिती_बंडू

हे माहीत नव्हतं. पाढ्याचं बोललो ते राहू दे.

व्यवस्थापन

आजच्या अमेरिकी निवडणुकांवरचे चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. अमेरिकेबद्दल इथे १९४९ पर्यंतच राहू.

पानगळ

रत्नांग्रीकरांनी नेमकं बोट ठेवलं. तोच धागा भारताकडे नेतो.

नेहरूंना अलगता म्हणायची असती तर कोरियात फील्ड अँब्युलन्स कशाला पाठवली असती? १९५३ साली युद्धकैद्यांच्या परतीचा पेच सोडवायला जो आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते. १९६० नंतर काँगोत भारतीय ब्रिगेड लढली, जवान मारले गेले. गटात जायचं नाही, पण प्रत्येक प्रश्नात बोलायचं आणि जायचं. अमेरिकेचं १९३० चं धोरण याच्या बरोबर उलट : ताकद आहे, पण प्रश्नापासून लांब.

शेवटी त्या धोरणाचा जीव किती उरला होता तेही आकड्यांत दिसतं. जानेवारी १९३८ मध्ये 'युद्ध करायचं तर आधी जनमत घ्या' ही अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभासद लडलो यांची घटनादुरुस्ती चर्चेला घ्यायची की नाही यावर मतदान झालं. २०९ विरुद्ध १८८ ने ती मागे पडली. ऑगस्ट १९४१ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीची मुदत वाढवायचा ठराव २०३ विरुद्ध २०२ ने निभावला. एका मताने! पुढच्या चार महिन्यांत पर्ल हार्बर. ८ डिसेंबरला युद्धाच्या विरोधात मत देणाऱ्या सभागृहात एकट्या जेनेट रँकिन उरल्या. १९१७ लाही त्यांनी विरोधातच मत दिलं होतं. त्या गांधीजींना मानणाऱ्या होत्या, पुढे भारतातही येऊन गेल्या. त्यांना अलगतावादी म्हणणं मला जमत नाही. त्या युद्धविरोधी होत्या, आणि ती चौथी गोष्ट.

टपालवाला

सर, म्हणजे आता चार शब्द झाले. ताईंचा फळा पुरणार का?

कृष्णाकाठची

पुरला. आज तास झाला, म्हणून सांगायला आले.

फळ्यावर चार रकाने केले. तटस्थता : एका ठरावीक युद्धात कोणाच्याच बाजूने नाही. अलिप्ततावाद : गटात नाही, पण जगाच्या कारभारात आहे. अलगतावाद : ताकद असूनही दुसऱ्याच्या रक्षणाची आगाऊ बांधिलकी नाही. युद्धविरोध : लढाईच नको. माझी एक माळ मी मोडली, वॉशिंग्टन आणि नाय यांना वेगळं केलं. कलम १० वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, मग मी पण नाहीच म्हणालो असतो." स्तंभावरच्या जर्मन आडनावांचं सांगितलं, आणि लगेच सेंट लुईसचंही. वर्ग बराच वेळ गप्प होता.

ज्या मुलीमुळे हा धागा निघाला तिला तिचे गुण परत दिले. तिने तास संपता संपता विचारलं, "मॅडम, १९३८ साली कोटणीस चीनला गेले, तेव्हा भारत कोणत्या रकान्यात?" मी म्हटलं, भारताचं धोरण लंडनमध्ये ठरत होतं. ती म्हणाली, "पण पथक तर लंडनने पाठवलं नाही."

सोलापुरी, पानगळ सर, उद्या तिला काय सांगू?

पानगळ

पथक काँग्रेसने पाठवलं. सुभाषबाबू त्या वर्षी अध्यक्ष होते, त्यांनी लोकांकडून निधी मागितला. आणि सरकार नसलं तरी परराष्ट्र विभाग होता. १९३६ पासून अलाहाबादला काँग्रेसच्या कचेरीत तो राममनोहर लोहिया सांभाळत होते, वय पंचविशीतलं. उद्या त्यावरच तास घ्या.

सोलापुरी

आणि जमलं तर वर्गाला एकदा सोलापूरला आणा. कोटणिसांचं स्मारक दाखवायला मी येतो.